आमच्या घरचं वाकडं बोलणं

आमच्या घरात कुणी कुणाला चांगलं म्हणत नसे. चांगलं वाटत नसे असं नव्हे. वाटायचं, पण ते तोंडावाटे बाहेर पडताना उलटं होऊन पडायचं. मी चौथीत वर्गात पहिली आले तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून पेन्शन घेऊन नुकतेच घरी आले होते. त्यांनी निकालाचा कागद चष्मा लावून दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि आईला विचारलं, "आगं, वर्गात एकच पोरगी हुती का काय?" आई चुलीपुढून म्हणाली, "आसंल. न्हाईतर ह्या म्हशीचा नंबर कशाला लागतोय." आणि दुसऱ्या दिवशी आबा सायकल मारत कराडला गेले आणि माझ्यासाठी कंपासपेटी घेऊन आले. ती देतानाही "धर, वर्गातली दुसरी पोरगी आली की तिला दी" असंच म्हणाले. मी पेटी छातीशी धरून मळाभर नाचले. मला कुणी काही लागट बोललं आहे असं माझ्या मनातही आलं नाही. मी तर फुगले होते.

यामागे आईचं एक शास्त्र होतं. तान्ह्या पोराला नटवलं की गालाला काजळाचं बोट लावतात ना, तसं बोलण्यालाही बोट लावायचं. चांगल्याला चांगलं म्हटलं की दिष्ट लागते, आणि सगळ्यात वाईट दिष्ट आपल्याच माणसाची. म्हणून वासरू देखणं निघालं की ते "मरतुकडं", ऊस डोक्याच्या वर गेला की "वैरणीचं कडवाळ बरं म्हनायचं", आणि थोरला शिवा, माझा भाऊ, कराडला कॉलेजात शिकायला गेला तेव्हा आई गावभर सांगत फिरली की "गुरं राखायला जमंना, मग काय, धाडला शिकायला." ऐकणाऱ्या बायकाही त्याच मातीतल्या. त्यांना बरोबर कळायचं आणि त्या म्हणायच्या, "व्हय की बाय, आमचं बी येडं असंच शिकून सायब झालंय."

आबांचं शास्त्र असलं काही नव्हतं. त्यांना सरळ बोलायची लाज वाटायची, एवढंच. आईच्या हातची पावट्याची आमटी म्हणजे काय सांगू; पहिला भुरका मारला की कानामागं घाम यायचा आणि भाकरी कधी संपली ते कळायचं नाही. आबा ती आमटी वाडग्यानं प्यायचे, चौथी भाकरी मागायचे आणि म्हणायचे, "पलटणीत लांगरी असली आमटी करायचा तवा आमी त्येला पाणी म्हनायचो." आई पळी आपटून म्हणायची, "मग जावा की परत त्याच्याच हातचं प्यायाला." संध्याकाळी कारखान्याचा भोंगा व्हायचा, उसाच्या गाड्यांच्या बैलांची घुंगरं रस्त्यानं वाजत जायची, आणि आमच्या मळ्यातल्या घरात ही दोन माणसं एकमेकांना अशी टाकून बोलत बसायची. शेजारपाजारच्या घरांतून भांडणं ऐकू यायची, आमच्यातून हे ऐकू यायचं. लांबून आवाज सारखाच.

अकरावीला मी एसटीनं तालुक्याच्या कॉलेजात जायला लागले. तिथे इंग्रजीच्या सरांनी एक दिवस फळ्यावर एक लांबलचक शब्द लिहिला. आयरॉनिकली. सर म्हणाले, माणूस बोलतो एक आणि त्याच्या मनात असतं नेमकं उलटं. किंवा आपण वाट बघतो एका गोष्टीची आणि घडतं नेमकं उलटं. तेव्हा हा शब्द वाक्याच्या तोंडाशी घालायचा. वर्गातल्या पोरी माना खाली घालून उतरवून घेत होत्या आणि मी एकटी तोंडाचा आ वासून बसले होते. आमच्या घरातली चालरीत या गोऱ्या लोकांनी शब्दकोशात घालून ठेवली होती. घरी आल्या आल्या दप्तर टाकलं आणि आईला चुलीपाशी गाठून सांगितलं, की तू आणि आबा बोलता ना, त्याला इंग्रजीत शब्द आहे. आईनं भाकरी उलथली.

"म्हंजे सायबाच्या घरातबी असंच बोलत्यात?"

"बोलत असतील. शब्द आहे म्हणजे."

"मग त्येंच्यातबी दिष्ट लागत आसंल," आई म्हणाली, आणि विषय संपला.

आता मी सांगलीला इंग्रजी शिकवते. हसू नका, वर्गातली दुसरी पोरगी शेवटपर्यंत आलीच नाही. दरवर्षी हा शब्द शिकवायची वेळ येते आणि दरवर्षी मी तेच उदाहरण देते, साखर कारखान्याच्या चेअरमनला मधुमेह. मागे एकदा पाठीमागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, त्येंला खरंच हाय." सगळा वर्ग खिदळला, मीही. माझी लेक पुण्यात नोकरी करते आणि दर तिसऱ्या वाक्याला हा शब्द घालते. आयरॉनिकली आज बस वेळेवर आली, आयरॉनिकली आज डब्यात मलाही भेंडीच. मी तिला म्हणते, बाई, भेंडीसाठी नाही गं तो शब्द. तो कशासाठी आहे ते मात्र मी तिला कधी सांगितलेलं नाही. ते इथे लिहून ठेवते आहे.

मी अकरावीला होते त्या वर्षी आमच्याकडे हळद भारी आली होती. आबा अर्थातच म्हणत होते, "वाळकी मुळं निघाल्यात." हळदीचं काम म्हणजे दीड-दोन महिन्यांचा संसार. खणायची, काहिलीत उकडायची, खळ्यावर पसरून वाळवायची, आणि मग जाळीच्या लोखंडी पिंपात घालून दोघांनी दोन बाजूंनी गरागरा फिरवायची, म्हणजे वरचं साल झडून हळकुंडं चकचकीत होतात. ते पिंप फिरायला लागलं की असा धुरळा उडायचा, की अंगणातली कोंबडीसुद्धा पिवळी. आमचे हात पिवळे, केस पिवळे, थुंकी पिवळी. भाकरी पिवळी दिसायची. कॉलेजात मी बाकावर हात ठेवला की शेजारची मुलगी वही सरकवून घ्यायची. एका रविवारी शिवा घरी आला होता. आई पिंपाच्या दांड्याला टेकून बसली होती, आणि शिवानं तिच्याकडे बघून म्हटलं, "आये, परत लगीन करतीस व्हय? डोळ्यापातुर हळद लागलीया."

"व्हय, बघ एखादा चांगला नवरा," आई म्हणाली. "पैला काय उपेगाचा न्हाई निघाला."

"सोडचिठ्ठी देतो की," आबा दुसऱ्या बाजूनं ओरडले. "पर म्हस ठिवून जायाची."

आम्ही पोटं धरून हसलो. डोळ्यापातुर. शिवानं ते स्वतः पाहिलं होतं, स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं, आणि आम्ही हसलो. तिला जेवण जाईना तेव्हा आबा म्हणाले, "झ्याक, जुंधळं वाचलं." तिच्या अंगाला खाज सुटायची, ती दंड खाजवून खाजवून लाल करायची आणि म्हणायची, "हळद अंगावर उततीया बाय औंदा." मी म्हटलं, "आंघोळ कर की मग वर्षातनं एकदा." ती म्हणाली, "केली की बेंदराला, बैलांसंगं." ती आपलं दुखणं आमच्या घरच्या बोलीत सांगत होती आणि आम्ही त्याच बोलीत तिला उत्तरं देत होतो. दुसऱ्या कुठल्या घरात तिसऱ्या दिवशी दवाखाना झाला असता. आमच्यात महिना गेला.

मग हळद पोत्यात भरली, गाडी सांगलीला गेली, पिंप धुऊन पालथं घातलं. आम्ही सगळ्यांनी विहिरीवर जाऊन अंग घासून घासून धुतलं. आबा काळे झाले, शिवा सावळा झाला, मी माझ्या रंगाची झाले. आई पिवळीच राहिली.

सांगलीच्या दवाखान्यात तिला चार दिवस ठेवून घेतलं. पाचव्या दिवशी आबांनी मला आणि शिवाला बाहेर जिन्यापाशी नेलं. ते आमच्याकडे बघत नव्हते, जिन्याच्या कठड्याकडे बघून बोलत होते. आत पोटात गाठ होती. लांबवर पसरली होती. कापून उपयोग नव्हता. "दिवाळी बगंल आसं काय डाक्टरला वाटत न्हाई," आबा म्हणाले. मग म्हणाले, "तिला कळू द्याचं न्हाई. कावीळ हाय म्हनायचं. कळलं तर ती उद्याच हातरूण धरंल. न्हाई कळलं तर तेवढं दिस तरी हिंडंल फिरंल. ततपप करायचं न्हाई कुणी. कळलं?" आम्ही मान हलवली. त्या सगळ्या दिवसांत आमच्या घराला एकच काम होतं, आईला कळू न देणं. आम्ही तिघं, त्यात एक पलटणीतला हवालदार. एवढं एक गुपित राखणं काय अवघड होतं?

आम्ही ते गुपित चार दिवससुद्धा राखू शकलो नाही, आणि आमच्यापैकी कुणी एक शब्द फोडला नाही.

आई घरी आली, दुसऱ्या दिवशी नको नको म्हणत असताना चुलीपुढं बसली, आणि तिनं पावट्याची आमटी केली. आबा आणि शिवा जेवायला बसले. मी भाकऱ्या वाढत होते. आबांनी भुरका मारला. मग खाली बघत म्हणाले, "आज आमटी लय चांगली झालीया."

शिवा घाईघाईनं म्हणाला, "व्हय आये, लय झ्याक झालीया." आईनं पळी पातेल्यात सोडली आणि पदरानं कपाळ पुसलं. आबा आणखी म्हणाले, "तू दमली आसशील. जरा पड जा." एवढं गोड बोलून ते हात धुवायला उठले तेव्हा त्यांची भाकरी अर्धी ताटात होती.

मग आम्ही दोघी बसलो. आईनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तोंडात घातला आणि तशीच थांबली. माझ्याकडे बघितलं. मी खात होते.

"कशी झालीया गं?" तिनं विचारलं.

आता इथे माझी अक्कल बघा. मला कुठल्याही दिवशी हा प्रश्न विचारला असता तर मी "म्हशीच्या पुढं ठेव, बघू खाती का" असं म्हटलं असतं. पण मला जिन्यापाशी सांगितलं होतं ना, काही कळू द्यायचं नाही. मी तिच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "चांगली झालीय की."

आईनं ताट पुढं सारलं. "संजे," ती म्हणाली, "त्यात मी मीठ घालायचंच इसारले."

मी घास गिळला. खरंच, मीठ नव्हतं. मी चतकोर भाकरी खाल्ली होती आणि मला ते कळलं नव्हतं. त्या आठवड्यात कशालाच चव नव्हती.

"लगीन होऊन आल्यापास्नं ह्या माणसानं माझ्या हातच्याला चांगलं म्हनलेलं न्हाई," आई अगदी हळू म्हणाली, राग नाही, रडणं नाही. "आन आज अळणी आमटीला लय चांगली म्हनला. तू बी म्हनलीस." मग तिनं विचारलं, "किती दिस म्हनला डाक्टर?"

मी रडायला लागले. उत्तर द्यायची गरजच उरली नाही. तिनं मला रडू दिलं, आणि मग आमटीत मीठ घालायला उठली. एवढी पातेलंभर आमटी वाया कशाला घालवायची, म्हणाली.

त्याच दिवशी दुपारी तिनं मला दोन गोष्टी बजावल्या. पहिली ही, की तिला कळलंय हे आबांना सांगायचं नाही. "त्येंनी एवढं मनाला बांधून घेतलंय, ते मोडू नगो. त्येंचा धीर जाईल." म्हणजे आबा तिच्यापासून लपवत होते आणि ती आबांपासून, आणि दोन्हीकडची गुपितं एकाच शेळीच्या गळ्यात, ती शेळी मी. दुसरी गोष्ट तिनं माझी हनुवटी धरून सांगितली. "आन तू माझ्याशी नीट बोलायचं."

"नीट म्हणजे?"

"आदी बोलत हुतीस तसं. वाकडं. समदीच गोड बोलाया लागली तर मी आजच मेल्यागत हाय. त्यो बाबा मला 'पड जरा' म्हनतो, शिवा 'आये पाणी देऊ का' म्हनतो. पावनी हाय व्हय मी? तू तेवढी सोडू नगो."

मी सोडलं नाही. आयुष्यात कुठलंही काम मी एवढं मन लावून केलं नाही. सकाळी तिला हाताला धरून उठवताना म्हणायची, "चला राणीसाहेब, हत्ती उभा आहे." ती चहा अर्धा टाकायची तेव्हा म्हणायची, "टाका, टाका, आपल्या माहेरी चहाचे मळेच होते." ती मला गुण द्यायची. "आज धार न्हाई," म्हणायची, किंवा कूस धरून हसत "मेले गं बाय, गप." हसताना तिला दुखायचं, तरी हसायची. बायका बघायला यायच्या, डोळ्याला पदर लावून गोड गोड बोलायच्या, आणि मी त्यांच्यासमोर आईला काही लागट बोलले की एकमेकींकडे बघायच्या. एक म्हातारी मला परसात नेऊन म्हणाली, "आईला असं बोलू ने पोरी, कीड पडंल जिभंला." मी खाली मान घालून ऐकून घेतलं. आत गेले तर आई विचारते, "काय म्हनत हुती?" मी सांगितलं. "पडली का मग कीड?" "अजून नाही." "मग बोल की."

आबा मात्र गोडच बोलत राहिले. त्यांना दुसरं जमेचना. ते तिच्या पायाशी बसायचे, पाय चेपायचे आणि म्हणायचे, "आज बरी दिसतीस." आई निमूट म्हणायची, "व्हय, बरं वाटतंय आज." ती गेल्यानंतरही ते तसेच राहिले. सगळ्या गावाशी, सुनेशी, गुराढोरांशी गोड. लोक म्हणायचे, हवालदार लय मऊ झालं. मी माहेरी गेले की ते माझ्या हातची भाजी खाऊन म्हणायचे, "चांगली झालीया हं पोरी." त्यांच्या तोंडून एक वाकडा शब्द ऐकावा म्हणून मी मुद्दाम भाजी करपवून बघितली आहे. तीही चांगली झाली.

बेंदराच्या आधीचा आठवडा होता. घरात आम्ही दोघीच. बाहेर ऊन होतं, मोटारीचं पाणी पाटानं येत होतं त्याचा आवाज येत होता. मी आईचे केस विंचरून वेणी घालत होते. केस कसले, शेवटी माझ्या करंगळीएवढी वेणी उरली होती. तिचं अंग माझ्या गुडघ्याला टेकलेलं. ती पुढं बघतच म्हणाली, "संजे, तू लय गुणाची पोर हायस."

मी एका क्षणाचाही वेळ लावला नाही. तयार होते ना मी, दिवसरात्र तयार. "व्हय तर," मी म्हणाले, "म्हणून तर परवा आत्याला सांगत होतीस, हिच्यापेक्षा म्हस बरी, दूध तरी देती."

आई हसली. कुशीला हात लावून हसली. मग मान जराशी वळवून म्हणाली, "न्हाई गं. खरंच सांगते."

आमच्या घरात मोठी टोपी घालायची असली की सुरुवात "खरंच सांगते" अशी व्हायची. आबा तसंच करायचे, शिवा करायचा, तीही करायची. आज मी इंग्रजीची बाई आहे. माणूस कधी उलटं बोलतो आणि कधी सरळ, हे कसं ओळखायचं ते मी मुलांना फळ्यावर लिहून देते. स्वर बघा, प्रसंग बघा, बोलणारा कोण आहे ते बघा. तिचा स्वर मला आजही ऐकू येतो. त्यात उलटं काही नव्हतं. त्या दिवशी तिनं आयुष्यभराचं काजळ पुसलं होतं आणि समोर मी होते, तिनंच शिकवून तयार केलेली.

"खरंच का?" मी म्हणाले. "मग लिहून दे. अंगठा मार. उद्या म्हस वाचायला मागंल."

ती माझ्याकडे बघत राहिली. हसली, पण या खेपेला हात कुशीला गेला नाही. माझ्या हातातली वेणी तिनं आपल्या हातात घेतली, टोक चाचपलं, आणि म्हणाली, "बरं. जा, म्हशीला पाणी दाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची शुद्ध हरपली, आणि पाच दिवसांनी ती गेली. मधे एक शब्द नाही. पण त्या दुपारी यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी कंगवा खोचला, अंगणात आले, हौदातून बादली भरली आणि गोठ्याकडे निघाले. माझ्या उत्तराचं माझं मलाच हसू येत होतं.